आराखडा एक सांगतो, गोदाम दुसरंच करतं: पुरवठा साखळीतले संशोधनाचे विषय

२०२१च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं आणि सहा दिवस कालवा बंद पडला. त्याच वर्षी चिप मिळेनात म्हणून जगभरच्या मोटार कारखान्यांना उत्पादन घटवावं लागलं. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आशियातून युरोपला जाणारी कित्येक कंटेनर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. ‘पुरवठा साखळी’ हे शब्द त्यामुळे सगळ्यांच्या कानावर पडले. तरीही एखादा विद्यार्थी ‘मी लॉजिस्टिक्समध्ये संशोधन करतोय’ असं म्हणाला की ऐकणारा गोंधळतो. माल गाडीत भरायचा, नेऊन उतरवायचा. यात शोधून काढण्यासारखं काय उरलंय?

भरपूर उरलंय. या विषयातले उत्तम प्रश्न आजवर गोदामाच्या रॅकपाशी, ट्रकच्या केबिनमध्ये आणि बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजांवर सापडत आले आहेत. ते कसे ओळखायचे, हे या लेखात पाहू.

## आधी दोन शब्दांचे अर्थ

कच्चा माल निघतो तिथपासून तयार वस्तू ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत जेवढ्या कंपन्या, कारखाने, गोदामं, वाहतूकदार आणि दुकानं मध्ये येतात, त्या सगळ्यांची मिळून पुरवठा साखळी होते. त्यातलं माल हलवणं, साठवणं आणि हाताळणं म्हणजे लॉजिस्टिक्स. साखळीत माल पुढे जातो, पैसा मागे येतो आणि माहिती दोन्ही दिशांनी फिरते. माल उशिरा आला की तो दिसतो. माहिती उशिरा आली किंवा चुकीची आली तर बराच काळ कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून बहुतेक गुंते माहितीच्या वाटेवर होतात.

प्रत्येक कामाची एक लेखी पद्धत असते: ऑर्डर कधी द्यायची, माल कुठे ठेवायचा, गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची. आणि एक प्रत्यक्ष पद्धत असते, माणसं खरोखर काम करतात ती. या दोन्हींत अंतर दिसलं की व्यवस्थापक सहसा ‘शिस्त नाही’ म्हणून मोकळे होतात. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा आराखड्यात नसलेली एखादी गोष्ट कामगाराला ठाऊक असते. यातलं नेमकं काय आहे हे तपासून सांगणं, हे माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं संशोधन आहे.

या विषयाचा इतिहासही याच वाटेने आलेला आहे. एका खेपेत किती सुटे भाग बनवावेत, या कारखान्यातल्या नेहमीच्या प्रश्नावर फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ साली एक सूत्र मांडलं. ते छापलं कारखान्यांच्या व्यवस्थापनाला वाहिलेल्या एका मासिकाने. आज साठा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम याच सूत्रापासून सुरू होतो. १९५९ साली जॉर्ज डॅन्टझिग आणि जॉन रॅम्सर यांनी पेट्रोलच्या टँकर-ट्रकांनी डेपोतून निघून कोणकोणत्या पंपांवर कोणत्या क्रमाने जावं याचं गणित मांडलं. त्यातून उभ्या राहिलेल्या गणिती शाखेत आजही नवी भर पडते आहे.

## ग्राहकाने थोडं जास्त घेतलं, कारखाना का हादरला?

पहिला नमुना जरा सविस्तर पाहू, कारण तो एकदा समजला की बाकीचे सोपे जातात.

महामार्गावर गाड्यांची रांग चालली आहे. पुढच्या गाडीने ब्रेकला नुसता पाय लावला. मागची थोडी जास्त दाबते, तिच्या मागची आणखी जास्त, आणि विसाव्या गाडीला जागेवर थांबावं लागतं. रस्त्यात अडथळा काहीच नव्हता. पुरवठा साखळीत ऑर्डरींचं असंच होतं, आणि त्याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात.

आकड्यांत पाहा. एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक आणि एक कारखाना आहे. दर आठवड्याला १०० खोकी विकली जातात. कारखाना सोडून बाकी तिघांचा एकच साधा नियम आहे: ताज्या मागणीनुसार दोन आठवडे पुरेल एवढा माल हाताशी ठेवायचा. म्हणजे प्रत्येकाकडे २०० खोकी आहेत.

एका आठवड्यात विक्री ११० झाली. दुकानदाराकडे ९० उरली. आता दोन आठवड्यांचा साठा म्हणजे २२०, म्हणून तो १३०ची ऑर्डर देतो. घाऊक व्यापाऱ्याला ११०चा आकडा दिसतच नाही. त्याला दिसते १३०ची मागणी. त्याने १३० दिली, ७० उरली, त्याला आता २६० हवीत. तो मागवतो १९०. वितरकापुढे १९०ची मागणी आली. ती पुरवल्यावर त्याच्याकडे १० उरली आणि हवीत ३८०. तो कारखान्याकडे ३७० मागतो. विक्री १० टक्क्यांनी वाढली, कारखान्याकडची ऑर्डर २७० टक्क्यांनी.

आता पुढचा आठवडा. मागवलेला सगळा माल पोहोचला आहे आणि विक्री पुन्हा ११०च आहे. दुकानदार ११० मागवतो. घाऊक व्यापाऱ्याकडे २६० होती, ११० गेली, १५० उरली. त्याला २२० हवीत, म्हणून तो फक्त ७० मागवतो. वितरकाकडे ३८० पडून आहेत. ७० दिल्यावरही ३१० उरतात आणि ७०च्या मागणीच्या हिशेबाने १४० पुरेत. तो काहीच मागवत नाही.

आधीच्या आठवड्यात ३७०ची ऑर्डर आलेल्या कारखान्याकडे या आठवड्यात शून्य. तिथे जादा पाळी लावलेली असेल तर आता माणसं बसून. ग्राहक मात्र दोन्ही आठवडे शांतपणे ११० खोकी घेत होता. यात कुणीही वेडेपणा केलेला नाही, आपापल्या जागी प्रत्येकाचा निर्णय समंजस आहे.

अशा लाटा साखळीच्या आतूनच कशा उठतात, हे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५८ साली दाखवलं होतं. पण या विषयाला खरा वेग आला तो एका कंपनीच्या अनुभवामुळे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला आपल्या डायपरच्या ऑर्डरींमध्ये मोठे चढउतार दिसत होते. बाळं तर दर आठवड्याला साधारण तेवढेच डायपर वापरतात. मग हे चढउतार येतात कुठून? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हाऊ ली यांनी सहकाऱ्यांसोबत १९९७ साली याची चार कारणं मांडली. समोरून आलेली ऑर्डर हीच खरी मागणी असं प्रत्येकजण समजतो, गाडी भरेपर्यंत किंवा महिना संपेपर्यंत ऑर्डर साठवून एकदम दिली जाते, सवलत लागली की लोक पुढचाही माल उचलून ठेवतात, आणि टंचाईची कुणकुण लागली की कमीच मिळणार या हिशेबाने सगळेच वाढवून मागतात.

यातलं महिनाअखेरचं कारण अजून नीट खणलं गेलेलं नाही असं मला वाटतं. कित्येक कंपन्यांच्या डिस्पॅच विभागात महिन्याचे पहिले दहा दिवस शांतता असते आणि शेवटच्या आठवड्यात रात्र-रात्र लोडिंग चालतं. ग्राहक कॅलेंडर पाहून खरेदी करत नाही. विक्री विभागाचं टार्गेट मात्र महिन्याचं असतं. वेगवेगळ्या विभागांची टार्गेटं वेगवेगळ्या तारखांना संपवली तर ट्रकभाडं, ओव्हरटाइम, लोडिंगमधल्या चुका आणि अपघात यांत किती फरक पडेल? एखादी कंपनी असा बदल टप्प्याटप्प्याने करायला तयार झाली, तर आधी बदललेले विभाग आणि अजून न बदललेले विभाग यांची तुलना करून भक्कम प्रबंध उभा राहील.

## संगणकावर माल आहे, रॅक रिकामी आहे

दुसरा नमुना वरवर क्षुल्लक दिसतो: साठ्याची नोंद. संगणक म्हणतो १२ नग आहेत, रॅकवर ९ असतात. निकोल डेहोराटियस आणि अनंत रामन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या. त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नव्हत्या. या दुकानांत बारकोड, स्कॅनर, संगणक सगळं होतं.

इतक्या चुका येतात कशा? चोरी आणि मोडतोड ही कारणं सगळ्यांना सुचतात. त्याहून साधं कारण काउंटरवर घडतं. ग्राहकाने एकाच किमतीच्या, दोन वेगळ्या सुगंधांच्या साबणाच्या वड्या आणल्या. रांग मोठी आहे. काउंटरवरचा माणूस एकच वडी दोनदा स्कॅन करतो. बिल बरोबर, पैसे बरोबर, ग्राहक खूश. पण नोंदीत एका सुगंधाचा साठा एकाने कमी दिसतो आणि दुसऱ्याचा एकाने जास्त. एका स्कॅनने दोन नोंदी बिघडल्या.

खरं नुकसान याच्या पुढे होतं. समजा एका वस्तूचे ३ नग शिल्लक असल्याचं संगणक दाखवतोय आणि रॅक रिकामी आहे. नवी ऑर्डर २ नग उरल्यावर आपोआप जाणार आहे. माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून आकडा ३ वरून खाली येत नाही, आणि आकडा खाली येत नाही म्हणून ऑर्डर जात नाही. कुणी माणूस जाऊन रॅककडे पाहीपर्यंत हे असंच राहतं. या साठ्याला ‘फँटम’ म्हणजे आभासी साठा म्हणतात. वर, अंदाज बांधणारी प्रणाली या काळातली विक्री शून्य वाचते आणि ही वस्तू कुणाला नकोच आहे असं ठरवून पुढचा अंदाजही खाली आणते.

इथे संशोधनाचे प्रश्न एकातून एक निघत जातात. कोणत्या नोंदी चुकल्या असण्याची शक्यता जास्त, हे सगळा माल न मोजता ओळखता येईल का? रोज दहाच रॅक मोजायला माणूस मोकळा असेल तर कोणत्या दहा निवडायच्या? रोज विकली जाणारी वस्तू सलग चार दिवस विकली गेली नाही तर ती मागणीची घट मानायची की रिकाम्या रॅकची खूण? जी विक्री झालीच नाही ती मोजायची कशी? सांख्यिकी शिकलेल्या कुणालाही यात वर्षानुवर्षं पुरेल इतकं काम आहे. आणि ते गरजेचंही आहे, कारण स्वयंचलित ऑर्डर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे अंदाज यांची सगळी इमारत याच नोंदींवर उभी राहते.

## ‘हे सगळं आता संगणकाने सोडवलंय ना?’

हा आक्षेप पहिला येतो, आणि तो चुकीचा का आहे ते मार्गाच्या आखणीत छान दिसतं.

एका गाडीला १० ठिकाणी थांबायचं असेल तर थांब्यांचे संभाव्य क्रम ३६,२८,८०० होतात. २० थांबे असतील तर हा आकडा २४ वर १७ शून्यं एवढा होतो. सगळे क्रम तपासणं अशक्य आहे, आणि तरी आजच्या पद्धती काही सेकंदांत फार चांगलं उत्तर काढतात. गणिताचा हा मोठाच विजय आहे. अडचण अशी की चालक त्या क्रमाने जातातच असं नाही.

२०२१ साली अ‍ॅमेझॉन आणि एमआयटी यांनी मिळून एक खुली संशोधन स्पर्धा घेतली. चालकांनी प्रत्यक्ष पार पाडलेल्या ९,००० हून अधिक मार्गांची माहिती संशोधकांना खुली केली. स्पर्धकांना सर्वांत कमी अंतराचा मार्ग काढायचा नव्हता. अनुभवी चालक कोणत्या क्रमाने जाईल ते ओळखायचं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीने चालकाच्या डोक्यातलं ज्ञान शिकण्यासारखं आहे हे उघडपणे मान्य केलं, म्हणून मला ही स्पर्धा महत्त्वाची वाटते.

चालकाला काय ठाऊक असतं? अमुक इमारतीचं मागचं फाटक अकरानंतर उघडतं. तमुक गल्लीत शाळा सुटायच्या वेळी गाडी शिरली की अर्धा तास बाहेर पडत नाही. एका ठिकाणी गाडी लावली की चार पार्सलं पायी देता येतात, नकाशावर मात्र ते चार वेगळे थांबे असतात. यातलं काही नोंदवता येईल, काही येणार नाही. चालकाने बदललेला मार्ग खरंच चांगला होता की ती नुसती सवय होती, हेही तपासावं लागेल. इथे गणितज्ञाला समाजशास्त्रज्ञाची गरज पडते. केबिनमध्ये बसून दिवसभर सोबत फिरणारा आणि नुसतं पाहून टिपणं काढणारा अभ्यासक या क्षेत्राला हवा आहे.

अंदाजांचंही तेच. बहुतेक कंपन्यांत सॉफ्टवेअरने काढलेला विक्रीचा अंदाज माणूस पाहतो आणि बदलतो. रॉबर्ट फिल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली चार कंपन्यांच्या ६०,००० हून अधिक अंदाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किरकोळ फेरफारांनी सहसा काही साधलं नाही, उलट अचूकता बिघडली. मोठ्या बदलांचा सरासरीने उपयोग झाला. अंदाज खाली आणणारे बदल वर नेणाऱ्या बदलांपेक्षा चांगले ठरले, कारण वर नेताना माणसं फाजील आशावादी होतात. म्हणजे प्रश्न ‘माणूस की यंत्र’ असा नाहीच. कोणत्या प्रसंगी माणसाने हात घालावा आणि कोणत्या प्रसंगी आवरावा, हा आहे, आणि त्याचं उत्तर क्षेत्रागणिक शोधावं लागेल.

## जहाजं घाईने जाऊन थांबून का राहतात?

आता समुद्राकडे वळू, कारण इथे एका जुन्या रिवाजाची किंमत सगळ्या जगाला मोजावी लागते.

कित्येक बंदरांत जो आधी येईल त्याला आधी धक्का (म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी उभं राहायची जागा), असा नियम चालतो. त्यामुळे जहाज वेगाने येतं, रांगेत नंबर लावतं आणि मग बंदराबाहेर नांगर टाकून कधी काही तास, कधी काही दिवस थांबतं. जहाजाला दर तासाला लागणारं इंधन ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर ताशी इंधन सुमारे २७ टक्क्यांनी घटतं. प्रवास लांबतो ते धरूनही पूर्ण फेरीत सुमारे १९ टक्के इंधन वाचतं. जे जहाज पुढे जाऊन दोन दिवस थांबणारच आहे, त्याने आधीच हळू यावं यात कुणाचं काय बिघडतं?

करारात पाहिलं की कळतं. जहाज भाड्याने घेण्याच्या प्रचलित करारांमध्ये विनाविलंब प्रवास करणं ही जहाजमालकाची जबाबदारी असते. तो स्वतःहून हळू गेला तर करारभंगाचा दावा होऊ शकतो. शिवाय बंदरावर ठरल्यापेक्षा जास्त थांबावं लागलं तर मालकाला भरपाई मिळते, तिला डेमरेज म्हणतात. म्हणजे लवकर येऊन थांबण्यात त्याचा सहसा तोटा नाही, कधी फायदाच आहे. भरपाई मालकाला, तिचा भार जहाज भाड्याने घेणाऱ्यावर आणि धूर सगळ्यांच्या वाट्याला.

वेळेवर पोहोचण्यापुरत्याच वेगाने यावं, असा उपाय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने मांडला गेला आहे आणि काही ठिकाणी त्याच्या चाचण्याही झाल्या आहेत. पण तो सर्वत्र लागू करायचा तर धक्का कधी मोकळा होणार हे बंदराने आधी खात्रीने सांगायला हवं, रांगेतला नंबर न गमावता हळू येता यायला हवं आणि वाचलेल्या इंधनाचा पैसा करारातल्या दोन्ही बाजूंत वाटला जायला हवा. पहिला प्रश्न अंदाजशास्त्राचा, दुसरा नियमांच्या रचनेचा, तिसरा कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा. विधी शाखेचा विद्यार्थी लॉजिस्टिक्समध्ये काय करणार, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

## साखळी तुटते तेव्हा

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा याच कारखान्यातून येत असे. टोयोटा लागेल तसा, लागेल तेव्हाच माल मागवत असे, त्यामुळे हाताशी साठा अगदीच थोडा होता. तिचे कारखाने बंद पडले. पण नंतरच्या काही दिवसांत साठाहून अधिक कंपन्यांनी आपापली यंत्रं जुळवून हा व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती. साधारण आठवड्याभरात उत्पादन मार्गी लागलं.

कमी साठा ठेवला म्हणून कारखाने बंद पडले, हे खरं. तितक्या लवकर ते पुन्हा उभे राहिले ते पुरवठादारांशी असलेल्या जुन्या संबंधांमुळे, हेही खरं. ‘साठा वाढवा’ हा एका ओळीचा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो. असे संबंध मोजायचे कसे, ते पैशाने उभे करता येतात का, की त्यांना वर्षंच लागतात? यावर सांगोवांगीच्या कथा खूप आहेत, मोजमाप थोडं.

एमआयटीतले डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्ड कंपनीसोबत काम करताना प्रश्नच बदलला. भूकंप कधी होईल, आग कुठे लागेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोन साधे आकडे काढा. हा पुरवठादार बंद पडला तर पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील? आणि त्याच्याविना आपण किती दिवस तग धरू? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे धोका आहे. या हिशेबातून दिसलं की धोका महागड्या भागांपाशीच असतो असं नाही. ज्याच्याकडून वर्षाला अगदी थोडी खरेदी होते, अशा पुरवठादारामुळेही सगळी जुळणी थांबू शकते.

## ‘पण कंपन्या माहिती देतात कुठे?’

आक्षेप रास्त आहे. ग्राहकांची यादी, दर आणि पुरवठादारांची नावं कुणी सहज हातात देत नाही. पण वाटा आहेत.

२०११च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला. कंपन्यांचे पुरवठादार आणि ग्राहक कोण, याची माहिती गोळा करणाऱ्या एका पतमाहिती संस्थेच्या नोंदी संशोधकांनी वापरल्या. आपत्तीच्या प्रदेशापासून दूर असलेल्या कंपन्यांनाही साखळीतून धक्का कसा बसत गेला, ते त्यांनी मांडलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पुढच्या वर्षात जपानच्या आर्थिक वाढीचा दर त्यामुळे ०.४७ टक्के अंकांनी घटला. एकाही कंपनीच्या गोदामात न शिरता हे काम झालं.

जहाजांच्या बाबतीत तर अडचण आणखी कमी. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या जहाजांना आपली ओळख, जागा आणि वेग सांगणारं यंत्र बाळगणं बंधनकारक आहे. कोणतं जहाज किती तास नांगर टाकून थांबलं, तांबडा समुद्र टाळून कोण कुठून गेलं, हे त्या नोंदींवरून काढता येतं.

आणि कंपनीत जायचंच असेल तर विक्रीचे आकडे मागू नका. किती नोंदी चुकतात, गाडी फाटकावर किती वेळ थांबते, ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या दिवसांत किती चढउतार होतात, अशा गोष्टी विचारा. यातून गुपित फुटत नाही आणि कंपनीलाही उत्तर हवंच असतं. परवानगी मिळाली की एक गोष्ट आवर्जून शोधा: सिस्टिमच्या बाहेर ठेवलेली वही किंवा एक्सेल शीट. कोट्यवधींचं सॉफ्टवेअर असूनही कुणीतरी रोज हाताने वेगळी नोंद ठेवतो, तेव्हा त्या सॉफ्टवेअरला न कळणारं काहीतरी तिथे नक्की असतं. कधी तो मालाचा प्रत्यक्ष दर्जा असतो, कधी एखाद्या पुरवठादाराचा भरवसा, कधी नुसतं ‘या गाडीवाल्याला आधी सोडा’. तो माणूस ती वही का ठेवतो, हे विचारण्यापासून सुरुवात करता येते.

## ‘एका गोदामात दिसलं, त्याला शास्त्र कसं म्हणायचं?’

एका ठिकाणच्या निरीक्षणाला कुणी शास्त्र म्हणू नये. ती सुरुवात असते. डायपरच्या ऑर्डरींत दिसलेली लाट पुढे इतर उद्योगांत शोधली गेली. काही ठिकाणी ती सापडली, काही ठिकाणी फिकी निघाली आणि काही ठिकाणी उलटीसुद्धा. कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे ठरवताना सिद्धांत पक्का होत जातो. त्यासाठी पहिल्या अभ्यासात परिस्थिती बारकाईने लिहिलेली हवी: माल कसला, आयुष्य किती, ऑर्डर कोण देतो, त्याला बक्षीस कशाचं मिळतं. हे तपशील गाळून नुसतं समीकरण छापलं तर दुसऱ्याला ते पडताळता येत नाही.

## ‘यातून कामगारावरच ताण वाढणार नाही का?’

वाढू शकतो, आणि हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माल काढणाऱ्या माणसाच्या हातातला स्कॅनर प्रत्येक हालचालीची वेळ नोंदवतो. त्या नोंदींवरून प्रत्येक नगाला किती सेकंद लागावेत हे ठरवलं जातं आणि पुढच्या महिन्यात ते सेकंद कमी होतात. संशोधकाने फक्त ताशी किती नग हेच मोजलं, तर त्याचा अभ्यास वेग वाढवण्याचं हत्यार होणार.

उपाय मोजमापातच आहे. त्याच पाळीत इजा किती झाल्या, चुकीचा माल किती गेला, वर्षभरात किती जणांनी नोकरी सोडली आणि नवा माणूस तयार व्हायला किती आठवडे लागले, हेही त्याच तक्त्यात घ्यावं. वाढवलेल्या वेगाची खरी किंमत त्याशिवाय दिसत नाही. चालकाचं ज्ञान प्रणालीत उतरवून घेताना त्याचा मोबदला कुणाला मिळणार, आणि त्या ज्ञानानंतर त्या चालकाची गरज कमी धरली जाणार का, हेही अभ्यासाच्या आराखड्यातच लिहून ठेवायला हवं. परवानगीच्या पत्रावर व्यवस्थापकाची सही घेताना, ज्यांच्या हालचाली नोंदवल्या जाणार आहेत त्यांची स्वतंत्र संमती घ्यावी, नोंदींतून नावं काढून टाकावीत, आणि निष्कर्ष छापण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवावेत. आकड्यांचा अर्थ कुठे चुकला आहे, हे तेच सर्वांत आधी सांगतात.